‘बरी आहे’ला किती मार्क?

गेल्या महिन्यात आमच्या एच.आर.वाल्यांची मेल आली. ‘तुम्ही इथे किती खूश आहात?’ चाळीस प्रश्न, एक ते पाच मार्क, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भरून द्या. आता अशा वेळी आपण सगळे काय करतो? एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात माऊस, आणि चार-चार-पाच-चार-चार! तीन मिनिटांत काम फत्ते. मधे एखादा ‘तीन’ टाकायचा, म्हणजे विचार करून भरलाय असं वाटतं. बॉस खूश, आपण मोकळे. खरं काय ते कॅन्टीनमध्ये बोलायचं.

थोडक्यात काय, तर फॉर्म भरण्यात आपण एकदम मास्टर, असा माझा समज होता. मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या बाकावर, एका मंगळवारी सकाळी, माझ्या मावशीने तो समज पार उतरवला.

मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, द्रोणागिरीला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ती आणि काका पहिल्या. २०२१ मध्ये तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. तेव्हा ना अटल सेतू होता, ना उरणची लोकल. दोन्ही सुरू झालं १२ जानेवारी २०२४ ला. त्याआधी मोरा बंदरातून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि तिथून टॅक्सी, नाहीतर कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत रस्त्याने वळसा घालायचा. केमोनंतर मळमळत असताना लाँचमध्ये बसणं म्हणजे काय, ते फक्त तिलाच ठाऊक. आता ती सहा महिन्यांनी एकदा तपासणीला जाते, रोज एक गोळी घेते, आणि कोणीही विचारलं तर एकच उत्तर देते, “बरी आहे गो!”

डॉक्टरांना ‘बरी आहे’. शेजारणींना ‘बरी आहे’. मला तर विचारायच्या आधीच ‘बरी आहे’.

क्लिपबोर्डवाली मुलगी

त्या मंगळवारी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले होते. नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात क्लिपबोर्ड घेतलेली एक मुलगी आली, साधारण माझ्याच वयाची. म्हणाली, “काकू, आम्ही एक अभ्यास करतोय. उपचार झाल्यानंतर आयुष्य कसं चाललंय, याबद्दल काही प्रश्न आहेत. मराठीतच आहेत. नाही भरलात तरी चालेल, तुमच्या तपासणीवर काही परिणाम होणार नाही.” मावशीने सही केली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न जड काम करताना त्रास होतो का, असा होता. उदाहरण दिलं होतं जड पिशवीचं आणि सूटकेसचं. मावशी म्हणाली, “सूटकेस मी कवा उचलली? लग्नात पण ट्रंक होती!” मग मीच म्हटलं, समज उरणच्या बाजारातून मासळीची पिशवी आणायची आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, “पिशवी आता काका आणतात.”

मी ‘अजिबात नाही’वर पेन टेकवणार, एवढ्यात क्लिपबोर्डवाली म्हणाली, “ताई, उत्तर त्यांचं त्यांनाच देऊ दे हं. काका पिशवी आणतात हे उत्तर नाहीये. त्यांनी उचलली तर त्रास होतो का, ते विचारलंय.”

मावशीने थोडा विचार केला आणि बोट ठेवलं ‘बरंच’वर.

मित्रांनो, पहिल्याच प्रश्नाला मी चुकीची टिक करणार होते. रोज सकाळी ऑफिसला जाताना जिला मी “येते गं मावशी” म्हणते, तिच्याबद्दल.

हे फॉर्म आले कुठून?

घरी येऊन मी वाचायला बसले. (हो, एरवी आपण फक्त मेन्यूकार्ड मन लावून वाचतो. पण यावेळी राहवलं नाही.)

कॅन्सरच्या पेशंटला मार्क द्यायची पद्धत जुनी आहे. १९४९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल या डॉक्टरांनी एक पट्टी मांडली. १०० म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू, आणि मधे दहा-दहाच्या पायऱ्या. पट्टी इतकी सोपी की ती आजही वापरतात. पण यात एक गोम आहे. मार्क देणार डॉक्टर! पेशंट चालत आत आला, बटणं स्वतः लावली, म्हणजे ऐंशी-नव्वद. रात्री त्याला झोप लागते का, हे त्या पट्टीवर कुठेच नाही. म्हणजे आपलं अप्रेजल जसं बॉस केबिनच्या काचेतून करतो, तसंच काहीसं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जनने जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढून टाकत. कितीतरी दशकं हेच चाललं. मग इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी विचारलं की सुरुवातीच्या अवस्थेत एवढं सगळं काढायची गरज आहे का? त्यांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये छापून आले. नुसती गाठ काढून रेडिएशन दिलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, दोघी सारख्याच जगल्या होत्या.

आता बघा गंमत. दोन्ही उपचारांत आयुष्याची लांबी सारखी असेल, तर निवड कशावरून करायची? त्या आयुष्यात काय काय करता येतं, यावरूनच ना! आणि ते डॉक्टरला काचेतून दिसत नाही. ते जिचं तिलाच विचारावं लागतं.

म्हणून १९९३ मध्ये दोन मोठ्या प्रश्नावल्या आल्या. एक युरोपातल्या ई.ओ.आर.टी.सी. या कॅन्सर संशोधन संस्थेची, तीस प्रश्नांची, ‘क्यू.एल.क्यू.-सी ३०’. दुसरी अमेरिकेत डेव्हिड सेला यांच्या टीमची, ‘फॅक्ट’. दोघींनाही स्तनाच्या कॅन्सरसाठी खास शेपूट जोडलं गेलं. युरोपवाल्यांचं १९९६ मध्ये, तेवीस प्रश्नांचं, ‘बी.आर. २३’. अमेरिकेचं १९९७ मध्ये, ‘फॅक्ट-बी’. त्यानंतर औषधं बदलली, तसे त्रासही बदलले. म्हणून २०२० मध्ये युरोपवाल्यांनी ‘बी.आर. ४५’ आणली. तेवीस जुने प्रश्न आणि बावीस नवे.

कळशी, सूटकेस आणि भाषांतर

तुम्ही म्हणाल, मराठीत करायला काय, एखाद्या भाषांतरवाल्याला द्या, दोन दिवसांत होईल. तसं नसतं. ई.ओ.आर.टी.सी.चा नियम असा, की दोन जण वेगवेगळं भाषांतर करणार. मग दोन्हींतून एक मसुदा होणार. मग ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही असे दोघे तो मसुदा परत इंग्रजीत नेणार. अर्थ जुळला, तर दहा-पंधरा खऱ्या पेशंटना भरायला देणार आणि एकेका प्रश्नाला विचारणार, कळलं का? अवघड वाटलं का? वाईट वाटलं का? एवढं झालं की मगच शिक्का. हा तीस प्रश्नांचा फॉर्म आज शंभराहून जास्त भाषांत आहे आणि मराठी त्यातली एक आहे.

आपल्याकडेही हे काम जुनंच आहे. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी ‘फॅक्ट-बी’चा मल्याळम अवतार तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २००५ मध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर युरोपियन प्रश्नावली आपल्या लोकांना लागू पडते का, हे पाहिलं गेलं. २००९ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी अख्ख्या स्तनाला रेडिएशन घेतलेल्या आणि फक्त गाठीच्या जागेपुरतं, थोडे दिवस रेडिएशन घेतलेल्या बायकांची तुलना याच प्रश्नावल्यांनी केली.

आणि गरज आहेच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने ब्रेस्ट कॅन्सर झाला. आपल्याकडच्या बायकांमधला हा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. लवकर सापडला तर पुढे वर्षानुवर्षं जगणाऱ्या भरपूर. म्हणजे तुमच्या सोसायटीत, ट्रेनच्या डब्यात, ऑफिसच्या पुढच्या क्युबिकलमध्ये ‘बरी आहे’ म्हणणारी कोणीतरी असणारच.

एकोणीस वर्षांच्या बांगड्या

तर पुन्हा बाकावर येऊ या. झोप लागते का? ‘थोडा त्रास.’ पेपर वाचताना, टीव्ही बघताना लक्ष लागतं का? “मालिकेत लक्ष लावायला काय लागतं?” असं म्हणून हसली. एकदम घाम फुटून गरम वाफा येतात का? ‘बरंच.’ मी चमकलेच. घरात पंखा सतत पाचवर असतो, त्याचं कारण मी उरणची हवा समजत होते! तो त्रास कॅन्सरच्या रोजच्या गोळीमुळेही होऊ शकतो, हे मला त्या बाकावर कळलं.

मग तीन प्रश्न आले हाताचे. खांदा किंवा हात दुखतो का? ‘थोडं.’ हात किंवा पंजा सुजतो का?

मावशी काही बोलेना. मग तिने पदराखालचा डावा हात बाहेर काढला आणि उजव्या हाताशेजारी मांडीवर ठेवला. दोन बहिणी शेजारी बसाव्यात आणि एक दुसरीपेक्षा दोन अंगुळं जाड असावी, तसं.

“बांगड्या चढत नाहीत,” एवढंच म्हणाली.

माझ्या डोक्यात एकदम सगळं खटाखट जुळत गेलं. गेल्या वर्षापासून तिच्या डाव्या हातात बांगड्या नाहीत. लग्नापासून एकोणीस वर्षं घातलेल्या! आम्हाला वाटलं, हल्ली फॅशन आहे. तांदळाची भाकरी तिने बंद केली, कोपऱ्यावरच्या बाईकडून विकत आणते. आई म्हणाली, “हिला आता कंटाळा आलाय.” गच्चीवर कपडे वाळत घालायला काका जातात. मी तर त्यांना चिडवलं होतं, “काका, एकदम मॉडर्न हं!” आंबाडा सोडून ती केसांना क्लिप लावायला लागली, त्यावर मी चक्क कॉम्प्लिमेंट दिली होती!

हात वर जातो का, बाजूला नेता येतो का, हा तिसरा प्रश्न. ‘बरंच’वर बोट.

“मावशे, डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“अगो, त्यांनी माझा जीव वाचवला. त्यांना काय बांगड्यांचं सांगू?”

याला म्हणतात लिम्फेडीमा. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातला द्राव वाहून जायची वाट अडते आणि हात सुजतो. २०१३ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्तनाच्या कॅन्सरनंतर साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो असं दिसलं. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्यांमध्ये तो जास्त, एक-दोनच तपासणीसाठी काढलेल्यांमध्ये बराच कमी. पूर्ण जातोच असं नाही, पण लवकर पकडला तर आटोक्यात राहतो. विशिष्ट पद्धतीचा मसाज, बँडेज, घट्ट बाही, त्वचेची काळजी आणि व्यायाम. हो, व्यायाम! पूर्वी सांगत, या हाताने काहीही उचलू नका. पण २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत, लिम्फेडीमा असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ताकद वाढली.

८३ आणि ५६

आता थोडं गणित. घाबरू नका, एक्सेलपेक्षा सोपं आहे.

‘अजिबात नाही’ला एक, ‘थोडं’ला दोन, ‘बरंच’ला तीन, ‘खूप’ला चार. हाताच्या तीन प्रश्नांना मावशीचे दोन, तीन, तीन. सरासरी दोन पूर्णांक सदुसष्ट. त्यातून एक वजा करायचा, तीनने भागायचं, शंभराने गुणायचं. आले सुमारे ५६. इथे मार्क जितके जास्त तितका त्रास जास्त.

तीस प्रश्नांच्या फॉर्मच्या शेवटी दोन प्रश्न असतात. गेल्या आठवड्यात तुमची एकूण तब्येत कशी होती आणि एकूण आयुष्य कसं होतं? एक म्हणजे फारच वाईट, सात म्हणजे एकदम झकास. मावशीने दोन्हीकडे सहा दिले. शंभरावर नेले तर ८३. डिस्टिंक्शन!

एकच बाई, एकच सकाळ. एकूण ८३ आणि हाताच्या त्रासाचे ५६. तिला फक्त ‘कशी आहेस?’ विचारलं असतं, तर आपल्याला ८३ च ऐकू आले असते. आणि चार वर्षं आम्ही सगळे तेवढंच ऐकत होतो.

बरं, ८३ खोटे का? तर नाही! हा मला सगळ्यात भारी वाटलेला भाग. संशोधक याला ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ म्हणतात, १९९९ मध्ये मिरियम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी तो नीट मांडला. मोठं दुखणं येऊन गेलं की माणसाची मोजायची फूटपट्टीच बदलते. आधी ‘झकास’ म्हणजे गोव्याची ट्रिप. आता ‘झकास’ म्हणजे सकाळी पिरवाडीच्या किनाऱ्यावर चालून येणं आणि चहा चवीला लागणं. मावशीचे सहा अगदी मनापासूनचे आहेत. पण फूटपट्टी बदलल्यामुळे हाताचं दुखणं त्या सहामध्ये दडून बसतं. म्हणून एक गोल प्रश्न पुरत नाही. हात, झोप, पैसा, आरसा, असं एकेक वेगळं विचारावं लागतं.

टिक मारून काय होणार?

ऑफिसच्या सर्व्हेचं काय होतं ते आपण जाणतोच. पिझ्झा पार्टी होते. इथे काय होतं?

एक उदाहरण मुंबईचंच. निदान होतानाच कॅन्सर दुसरीकडे पसरलेला असेल, तर स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन करून उपयोग होतो का? टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने ३५० बायकांवर हे पाहिलं. २०१५ मध्ये निकाल छापला, की त्याने आयुष्य वाढत नाही. त्यावर कोणी म्हणेल, न वाढो, निदान जगणं तरी सुखाचं होत असेल? अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीत ‘फॅक्ट-बी’ फॉर्म भरून घेतला होता. २०२२ मध्ये तिचा निकाल छापून आला. तिथेही आयुष्य वाढलं नव्हतं आणि अठराव्या महिन्यात ऑपरेशनवाल्या गटाचे मार्क उलट कमी भरले होते. ‘निदान बरं तरी वाटेल’ हा आपला अंदाज. बायकांनी टिक मारून सांगितलं, नाही वाटत.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. कॅन्सर पसरलेल्या ७६६ पेशंटपैकी काहींना आपले त्रास कॉम्प्युटरवर नियमित भरायला सांगितले. मळमळ, दुखणं, दम लागणं, अशी साधीच यादी. काही वाढलं की नर्सला लगेच मेल. बाकीच्यांची नेहमीसारखी तपासणी. २०१७ मध्ये निकाल आला. फॉर्म भरणारे मध्यम हिशेबाने ३१ महिने जगले, बाकीचे २६. पाच महिने! नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. फक्त वेळेवर विचारलं आणि उत्तर कोणीतरी वाचलं.

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, ‘कोणीतरी वाचलं’. फॉर्म फाइलमध्ये गेला आणि फाइल कपाटात गेली, तर त्याचा उपयोग संशोधनाला होईल, मावशीला नाही. त्या दिवशी क्लिपबोर्डवालीने एक चांगली गोष्ट केली. फॉर्म घेऊन झाल्यावर म्हणाली, “काकू, हे माझ्याकडे राहील. पण हाताचं आत गेल्यावर डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा.” मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “तू नाही सांगितलंस तर मी सांगणार.” तिने सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही हात टेपने मोजले आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. एकूण चार मिनिटं लागली. चार वर्षं न बोललेली गोष्ट!

रिकाम्या राहिलेल्या ओळी

हे फॉर्म म्हणजे काही रामबाण नाही, हेही सांगायला हवं. पैशाची चणचण झाली का, यावर तीस प्रश्नांत एकच प्रश्न आहे. काकांनी गावची जागा विकली, ते एका टिकमध्ये कसं मावणार? ‘गेल्या आठवड्यात’ असं विचारतात, आणि तो आठवडा नेमका गणपतीचा असला तर सगळंच छान वाटतं. कामवाली आली नाही तर काय होतं, हळदीकुंकवाला बोलावणं आलं की नाही, हे युरोपात कोणाला सुचणार?

आणि काही ओळी आपल्याकडे रिकाम्याच राहतात. आरशात स्वतःकडे बघवतं का? बाई म्हणून कमी वाटतं का? नवरा-बायकोमधलं कसं आहे? मी तिथपर्यंत आले आणि माझाच आवाज खाली गेला. शेजारी दोन काका बसले होते. मला वाटलं, सोडून देऊ. मावशीचं वय पन्नाशीच्या आसपास, तिला काय विचारायचं असलं!

मावशीने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाली, “जा, माझ्यासाठी चहा आण.”

“अगं पण तुला चष्म्याशिवाय...”

“दिसतं मला तेवढं. ही पोर सांगेल. तू जा.”

चहा घेऊन परत आले, तर फॉर्म घडी घालून त्या मुलीच्या हातात दिलेला होता. तिने काय टिक केलं ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. पण ज्या ओळी मी तिच्या वतीने सोडून देणार होते, त्या तिने भरल्या, एवढं मात्र नक्की.

डोंगर आणि मुळी

परतीच्या वाटेवर सेतू उतरलो आणि पुढे उरणकडे वळल्यावर आमचा द्रोणागिरीचा डोंगर दिसला. इकडे सगळे सांगतात, लक्ष्मणासाठी मारुती संजीवनीचा डोंगर घेऊन उडाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की मारुतीने अख्खा डोंगर का उचलला? कारण त्याला नेमकी मुळी ओळखता येईना!

आपणही तेच करतो. कॅन्सर झाला म्हटल्यावर आम्ही सगळे धावलो. पैसे उभे केले, लाँचा धरल्या, रजा टाकल्या, डबे पोचवले. डोंगर उचलण्यात कोणी कमी पडलं नाही. पण जखम कुठे आहे आणि मुळी कुठली हवी, हे विचारायचं राहिलं.

आता चार महिने झाले. मावशी घट्ट बाही घालते, सकाळी व्यायाम करते. परवा रविवारी मी आणि ती जेवायच्या टेबलावर बसलो आणि हाताचे ते तीन प्रश्न मीच पुन्हा विचारले. दुखणं तेवढंच, पण सूज आणि हात वर नेणं दोन्ही ‘बरंच’वरून ‘थोडं’वर. ५६ चे झाले ३३. या फॉर्मच्या जगात पाच-दहा मार्कांचा फरक म्हणजे थोडा, दहा ते वीस म्हणजे मध्यम, वीसच्या वर म्हणजे पेशंटला स्वतःला ठळक जाणवणारा. बांगड्या अजून चढत नाहीत. कदाचित चढणारही नाहीत. पण त्याच संध्याकाळी तिने चार भाकऱ्या थापल्या. पहिल्या दोन वाकड्या झाल्या, त्या मला वाढल्या.

तर मंडळी, या वीकेंडला एक काम करा. तुमच्या घरातही कोणीतरी ‘बरी आहे’ म्हणणारं असेलच. कॅन्सरच हवा असं नाही. त्यांना ‘कशी आहेस?’ विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी विचारा, गेल्या आठवड्यात रात्री किती वेळा जाग आली? जिना चढताना कुठे थांबलीस? वरच्या फळीवरचा डबा कोण काढतं? गोळी रोज घेतेस की एखादा दिवस टाळतेस, आणि टाळतेस तर का?

आणि विचारून झालं की उत्तर येईपर्यंत गप्प बसा. काही उत्तरांसाठी तुम्हाला चहा आणायला पाठवलं जाईल. निमूट जा.